हर्मिटेजचा किल्ला व सूलिसची दंतकथा

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवरील लिड्सडेल खोऱ्यांत हर्मिटेज नांवाचा पडका किल्ला आहे. धन्याच्या पापांच्या भारानें तो जमिनींत खचत चालला, असें तिकडील लोक सांगत आले. हा धनी लॉर्ड सूलिस. लाल टोपीचें एक पिशाच त्याला वश होतें. त्याच्या बळावर तो शस्त्रास वा दोरखंडास दाद देत नसे. अखेर गांजलेल्या रयतेनें त्याला शिशाच्या पत्र्यांत गुंडाळून नाइन स्टेन रिग या टेकडीवरील पाषाणवर्तुळांत कढईंत उकळलें, अशी कथा आहे.

आतां इतिहास पाहूं. विल्यम द सूलिस हा रॉबर्ट ब्रूस राजाविरुद्ध १३२० सालीं झालेल्या कटांत सांपडला. स्कून येथील सभेपुढें त्यानें गुन्हा कबूल केला, त्यास जन्मठेप झाली आणि डंबार्टनच्या कैदेंत तो मेला. तेथें कढई नाहीं, शिसें नाहीं. शिवाय आज उभ्या असलेल्या दगडी कामांपैकीं जुन्यांत जुनें काम सुमारें १३६० चें असून तें डेकर घराण्याचें मानतात. ज्याच्या पापांनीं भिंती खचतात, तो त्या भिंती उभ्या राहण्यापूर्वींच सुमारें ४० वर्षें मेलेला होता!

मग कथा आली कोठून? स्कॉटलंडच्याच मर्न्स प्रांतांत मेलव्हिल नांवाच्या अंमलदाराविषयीं हीच गोष्ट सांगतात: तक्रारींना कंटाळून राजा 'उकळून टाका' म्हणतो आणि लोक त्याचा शब्द अक्षरशः खरा करतात. अशा कथा एका जुलमी माणसावरून दुसऱ्यावर सहज जातात. सूलिसच्या कथेस सर्वपरिचित रूप दिलें तें जॉन लेडनच्या काव्यानें. वॉल्टर स्कॉटनें तें सरहद्दीवरील गीतांच्या आपल्या संग्रहांत (१८०२-०३) घातलें. जुन्या गीतांच्या पंक्तीस नवें काव्य बसलें, कीं पुढील लेखक त्यासही परंपरेचा साक्षीदार समजूं लागतो. काव्य आणि काव्यावरून सांगितलेली गोष्ट हे साक्षीदार दोन नव्हेत, एकच होत.

हा लेडन आमच्या संग्राहकांस अगदींच परका नाहीं. १८०३ सालीं तो मद्रासेस आला. बाबराच्या आत्मचरित्राचें त्याचें भाषांतर १८११ सालीं त्याच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलें. तें मुंबईस अनेक वर्षें काढलेल्या विल्यम अर्स्किननें पुरें करून १८२६ सालीं प्रसिद्ध केलें.

हर्मिटेज येथें क्रौर्य घडलेंच नाहीं, असें मात्र नव्हे. टेव्हियटडेलची अंमलदारी अलेक्झांडर रॅमसेस मिळाली, या रागानें विल्यम डग्लसनें १३४२ सालीं त्याला पकडून येथें कोंडलें व उपाशी मारलें. वरच्या कोठारांतून गळणारे दाणे वेंचून तो कांहीं दिवस जगला, एवढी भर लोकांनीं घातलेली दिसते. मूळ घटना खरी आहे. डग्लसला पुढें दुसऱ्या डेव्हिड राजानें क्षमा केली आणि रॅमसेचीच अंमलदारी त्यास दिली.