अब्बांच्या हातात पुन्हा स्टिअरिंग

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर अब्बांना पक्षाघाताचा झटका आला. वय 74. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, बोलणेही शाबूत राहिले. पण डावा हात आणि डावा पाय अशक्त झाला. दवाखान्यातून धरमतरच्या घरी आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी विचारले, "गाडीची किल्ली कुठे आहे?"

किल्ली मीच अम्मांच्या कपाटात साड्यांखाली लपवली होती. मी म्हणाले, "गाडी गॅरेजला दिलीय." वर्गात मुलांना 'खरे बोला' म्हणून सांगणारी मी!

अब्बांची सारी हयात ड्रायव्हिंगमध्ये गेली. 1978 साली ते कुवेतला गेले. मालकाकडे दोन दारांची लाल टोयोटा सेलिका होती. शुक्रवारी सकाळी वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर ती गाडी पळवायची, हा मालकाचा आणि अब्बांचा दोघांचाही शौक. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर चढाई केली. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय मायदेशी परतले. बहुतेक जण बसने बगदादमार्गे जॉर्डनमधल्या अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. अब्बा त्यांच्यातलेच एक. निघण्याआधी त्यांनी सेलिका पुसली, मालकाच्या अंगणात लावली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. "अमानत परत केली," असे ते आजही सांगतात.

त्या माणसाची किल्ली मी त्याच्या नकळत काढून घेतली होती. खोटे फार दिवस टिकले नाही. शेजारच्या मुलाने गाडी पडवीमागेच असल्याचे सांगितले. अब्बा एवढेच म्हणाले, "मी काय चोर आहे?" त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताटातली भाकरीही अर्धीच राहू लागली.

भावाने दुबईहून फोनवर सुचवले, "ऑटोमॅटिक गाडी घेऊ. क्लच नाही, गिअर नाही. डाव्या हातापायाचे कामच उरत नाही." मलाही पटले. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आल्यापासून अशा गाड्या मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आल्या आहेत. पण डॉक्टरांनी विचारले, "त्यांना डावीकडचे दिसते का?"

तेव्हा माझे डोळे उघडले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण मेंदू ती बाजू टिपत नाही आणि रुग्णाला त्याची जाणीवही नसते. ताटाच्या डाव्या बाजूची भाकरी राहायची ती निव्वळ रागाने नव्हे! मराठी वाचताना अब्बा ओळीचे पहिले शब्द गाळायचे आणि उर्दू वाचताना शेवटचे. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला ते उमगले नव्हते. डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितले. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात आले.

रस्त्यावर सायकलवाला, शाळेचे पोर, गुरे येतात ती डावीकडूनच. वडखळ नाक्यावरची वाहतूक डोळ्यांसमोर आली आणि अंगावर काटा आला. कायद्याचेही आहेच. 55 वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. वैध परवाना नसलेल्या माणसाला आपली गाडी रस्त्यावर चालवू देणाराही गुन्हेगार ठरतो.

मी घरी येऊन अब्बांची माफी मागितली, किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि घड्याळाचा तो कागद दाखवला. बोटाने डावी बाजू दाखवली तेव्हा त्यांनी मान वळवून पाहिले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा मालक असता, तर त्यानेही मला गाडी दिली नसती." किल्ली त्यांनी स्वतः माझ्याकडे सरकवली.

मी विचारले, "अब्बा, गाडीतले नक्की काय आठवते?" मला वाटले होते, बाजारात जाणे म्हणतील. ते म्हणाले, "इंजिनाचा आवाज. आणि हातातले स्टिअरिंग."

एवढे देता येण्याजोगे होते. पेणमधल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या उस्तादांशी बोलले. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. डॉक्टरांची परवानगी घेतली. डिसेंबरात भाताची कापणी झाल्यावर आमच्या नातलगांचे शेत मोकळे आणि टणक झाले होते. चहूकडे बांध, आत माणूस नाही की जनावर नाही. ट्रेनिंगची गाडी तिथे नेली.

अब्बांचा उजवा हात स्टिअरिंगवर, उजवा पाय अॅक्सिलरेटरवर. क्लच, गिअर आणि ब्रेक उस्तादांकडे. पहिला गिअर, फार तर दुसरा. दर वळणाला मी मागून सांगायची, "अब्बा, डावीकडे बघा." मुद्दाम मान वळवून डावीकडे बघण्याची सवय लावणे, हा अशा रुग्णांच्या व्यायामाचाच भाग असतो. पंधरा मिनिटांनी ते घामाघूम झाले आणि गाडी थांबवली. डोळे भरून आले होते. उस्ताद म्हणाले, "चाचा, हात अजून पक्का आहे."

आता महिन्यातून एकदा शेतावर फेरी होते. पाऊस लागला की ती बंद. दरम्यान त्याच उस्तादांकडे मी स्वतः गाडी शिकले. व्यायामासाठी अब्बांना अलिबागला मीच नेते. खाडीचा पूल ओलांडताना शेजारून आवाज येतो, "इंजिन ओरडतेय, ऐकू येत नाही? गिअर बदल." त्या आवाजात पूर्वीचा उत्साह असतो.

आई-वडिलांसमोर 'उफ्'सुद्धा काढू नये, हे आपण मुलांना मकतबपासून शिकवतो. आजारी वडिलांना नाही म्हणावे लागते, तेव्हा हे खरे कठीण जाते. तुमच्याही घरी ही वेळ आली असेल, तर आधी तपासणी करून घ्या, रस्त्याचा धोका पत्करू नका. पण किल्ली लपवू नका. समोर बसून खरे सांगा. ज्याने आयुष्यभर गाडी चालवली, त्याला धोका आपल्यापेक्षा लवकर कळतो.