डावं पान, उजवं पान

मांडवी म्हणजे मुळात बंदरावरची जकातीची जागा. रत्नागिरीच्या मांडवीत आता जकात नाही. काळ्या वाळूवर संध्याकाळची गर्दी असते, जेटीवर गळ टाकून माणसं बसतात. तिथेच बसून मी एक लाल पुस्तक चाळतो. कोटाच्या खिशात मावेल एवढंच. डाव्या पानावर लॅटिन, उजव्यावर इंग्रजी. रोमन लेखक प्लिनीच्या ‘नॅचरल हिस्टरी’चा दुसरा खंड, भाषांतर एच. रॅकम यांचं, १९४२चं. सहाव्या भागात प्लिनी सांगतो, की अरबस्तानच्या भूशिरावरून हिंदुस्थानातलं झिगेरस बंदर गाठणं पुढच्या पिढीला जवळचं आणि सुरक्षित वाटलं. झिगेरस म्हणजे इथून उत्तरेला शास्त्रीच्या मुखावरचं जयगड, असं काही अभ्यासक मानतात. आधार मुख्यतः नावाच्या साम्याचा. पण मांडवीत बसलं की तेवढा पुरतो.

हे लाल पुस्तक लोएब मालिकेतलं. जेम्स लोएब या अमेरिकन सावकारपुत्राने १९११मध्ये ती उभी केली, पहिले खंड १९१२मध्ये आले. ग्रीक असेल तर हिरवी बांधणी, लॅटिन असेल तर लाल. १९३३मध्ये लोएब वारले आणि मालिका हार्वर्डकडे गेली. आज खंड पाचशेच्या वर आहेत. शाळेत शिकलेलं लॅटिन अर्धं विसरलेला माणूस हा तिचा खरा वाचक. पंडिताला उजवं पान लागत नाही आणि भाषा मुळीच न येणाऱ्याला डावं.

उजवं पान कधी लाजायचंही. रोमन कवी मार्शलच्या चावट कविता वॉल्टर कर यांनी इंग्रजीत न देता इटालियनमध्ये दिल्या! म्हणजे चावटपणा कळायला आणखी एक भाषा शिका.

आपल्याकडेही २०१५पासून अभिजात भारतीय साहित्याच्या मूर्ती ग्रंथमालेत हीच मांडणी आहे, छापणारंही हार्वर्डच. पण मराठी माणसाला यात नवल कसलं? ‘सार्थ’ पोथ्या घरोघरी आहेतच. फरक इतकाच, की आपला अर्थ शेजारी नसतो, ओवीच्या पायाशी बसतो. आजी सार्थ ज्ञानेश्वरी वाचायची तेव्हा ओवी मोठ्याने म्हणायची, बोट तिच्यावरच ठेवायची. अर्थावरून नुसती नजर फिरवायची.

मीही तसंच करतो. उजवं पान एसटीच्या तिकिटाने झाकतो आणि प्लिनी मोठ्याने, चुकतमाकत म्हणतो. शेजारचा गळवाला वळून बघतो आणि जरा पलीकडे सरकतो.