कुलूप उघडायचे ते अश्विनात

कोकणात सोडून आलेले घर बघायला चाकरमानी साधारणपणे दोनदा जातो, गणपतीला आणि मे महिन्यात. या दोन्ही वेळी घर आपले दुखणे लपवते. गणपतीत ते झाडूनपुसून, माणसांनी भरून गेलेले असते. मे महिन्यात भिंती ठणठणीत कोरड्या असतात आणि आंब्या-फणसाच्या गडबडीत आढ्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. घराची खरी प्रकृती कळते अश्विन-कार्तिकात, पाऊस नुकता उलटल्यावर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याच्या भिंतीत ओल कुठवर चढली, कोणत्या कौलाखालचा वासा काळा पडला, वाळवीची मातकट रेघ कोणत्या खांबावर गेली, हे सारे तेव्हा ताजे असते. शिमग्यापर्यंत ओल वाळते आणि खुणा पुसट होतात. बंद घराचे तर आणखी वेगळे. चूल पेटत होती तोवर तिचा धूर वर जाऊन लाकडाला किडीपासून राखत होता, उघड्या दारांतून वारा खेळत होता. माणसे गेली की पाऊस तेवढाच राहतो, राखण मात्र जाते. पडलेल्या घराचा दोष आपण त्याच्या वयावर ढकलतो; शेजारचे तितकेच जुने, पण नांदते घर उभे असते, याकडे कुणी बघत नाही.

आणि जायचे तर महामार्ग सोडून किनाऱ्याने जावे. श्रीवर्धन करून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचे, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, आणि पुन्हा फेरीने धोपाव्याला उतरून गुहागर. वेळ जास्त लागतो, पण घरे रिकामी का झाली याचे निम्मे उत्तर याच वाटेवर सापडते. ही गावे समुद्राकडे तोंड करून वसली. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. पुढे मुंबईच्या आगबोटी या किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात त्या बंद असत आणि पाऊस सरला की पुन्हा सुरू होत. म्हणजे शरदात घरी येणे ही तशी जुनीच रीत. नंतर महामार्ग आतून गेला, १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली, आणि बंदराचे पुढचे दार मागचे झाले. त्यात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ याच पट्ट्यावर आदळले. कौले उडाली ती वर्षभरात बसवता येतात. सुपारीच्या रोपाला फळ धरायला मात्र पाच-सात वर्षे लागतात. रस्त्यालगतच्या वाडीत सगळ्या पोफळी एकाच उंचीच्या, कोवळ्या दिसल्या तर त्यामागे बहुधा तो दिवस आहे.

अश्विनात जाण्यावर पहिला आक्षेप असा की माणसे भेटतात ती सणाला. रिकाम्या घरात जाऊन करायचे काय? आक्षेप खरा आहे, आणि गणपती सोडा असे कुणी म्हणतही नाही. पण भावकी जमलेल्या घरात छपराचा विषय निघाला तरी आरतीच्या गडबडीत विरून जातो. दुसरा आक्षेप हवामानाचा. परतीचा पाऊस कापलेले भातही भिजवतो, रस्त्यांवर खड्डे असतात, आणि वादळ शरदातही येते. २००९ मधले ‘फयान’ नोव्हेंबरातलेच. म्हणून अंदाज पाहून निघावे, हाताशी एक दिवस जादा ठेवावा. घर विकलेले असेल तर? मग तपासणीचा मुद्दा उरत नाही, हे मान्य. वाट तेवढी उरते. पण किल्ली अजून आपल्याकडे असेल, तर हिशेब साधा आहे. दिवाळीच्या सुमारास वासा किडलेला कळला, तर सुतार-गवंडी गाठून लाकूड बदलायला मृगापर्यंत सहा-सात महिने मिळतात. मे महिन्यात कळला, तर जेमतेम पंधरवडा, आणि तेव्हा गावातला सुतार आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी छपरावर चढलेला असतो.