अपडेटनंतर फोटो दिसेनात? वॉचमनला घरी पाठवू नका!



समजा, जुन्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स टाकून तुम्ही घरच्या फोटोंचा छोटा वेब सर्व्हर केलाय. पुण्यातले आजी-आजोबा नातवंडांना त्यावरच बघतात. रविवारी तुम्ही डीएनएफने अपडेट केलं, आणि संध्याकाळी आजीचा फोन: "अरे, फोटो उघडत नाहीत!" फाइलींच्या परवानग्या तर नीट आहेत. मग अडलं कुठे?

बहुधा एसईलिनक्सपाशी. अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने २००० साली सर्वांसाठी खुली केलेली ही सुरक्षाव्यवस्था. सोसायटीच्या कडक वॉचमनसारखी! हातात किल्ली असली तरी तो पास बघतोच. इथे पास म्हणजे फाइलवरचं लेबल. वेब सर्व्हरला ठरावीक लेबलच्याच फाइली वाचता येतात.

आठवून पाहा, फोटोंच्या फोल्डरला तुम्ही पूर्वी 'सीएचकॉन' कमांडने लेबल लावलं होतं का? ते तात्पुरतं असतं. नियमांच्या यादीत त्याची नोंद होत नाही. डीएनएफने नवं पॉलिसी पॅकेज आणलं, की लेबलं यादीप्रमाणे पुन्हा लागू शकतात. तुमचं लेबल तेव्हा पुसलं जातं.

आता उपाय. रूट अधिकार घेऊन क्रमाने करा.

एक: फोटोंचं पान पुन्हा उघडून पाहा आणि लगेच 'ऑसर्च'ने ताज्या नोंदी तपासा. 'एव्हीसी' आणि 'डिनाइड' हे शब्द दिसले, तर वॉचमननेच अडवलंय. नाहीतर दोष दुसरीकडे शोधा.

दोन: 'सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने त्या फोल्डरसाठी वेब सर्व्हरच्या मजकुराचं लेबल यादीत कायमचं नोंदवा. ही कमांड सापडली नाही, तर 'पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स' हे पॅकेज डीएनएफने घ्या.

तीन: 'रिस्टोअरकॉन' ही कमांड '-आर' पर्यायासह त्या फोल्डरवर चालवा. यादीतलं लेबल आतल्या सगळ्या फाइलींना लागेल.

"एसईलिनक्स बंदच करून टाक," असा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. तुमचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा आहे. उद्या कोणी वेब सर्व्हरमधून आत शिरला, तर घरची बाकीची कागदपत्रं त्याच्यापासून हाच वॉचमन राखतो. शिवाय बंद काळात तयार झालेल्या फाइलींना लेबलच मिळत नाही. व्यवस्था पुन्हा सुरू करताना अख्ख्या डिस्कचं रिलेबलिंग करावं लागतं. म्हणजे दुखणं दुप्पट!

पाच मिनिटांचं काम आहे. ते झालं की आजीला फोन करा, आणि आम्हालाही कळवा.