दहा गोल आणि रहीम साहेब

आमच्या भागातला पोरांचा फुटबॉल संघ यंदा ओळीने चार सामने हरला. चौथ्या पराभवानंतरच्या जुम्म्याला, नमाज झाल्यावर, मशिदीबाहेर चपला शोधता शोधताच चर्चा सुरू झाली, की सरांना बदलायचे. संघाला वर्गणी देणारे दोघे-तिघे होते, काही पालक होते, मागे उभी राहून कान देणारी पोरेही होती. एक भाई म्हणाले, "सर आदमी अच्छे हैं, मगर नतीजा नहीं आ रहा." दुसऱ्यांनी परतवाड्याचा एक तरुण कोच सुचवला. फोन नंबरही त्यांच्याकडे तयार होता.

सर म्हणजे निवृत्त पीटी शिक्षक. सात वर्षे पहाटे फजरनंतर मैदानावर येतात, पगार घेत नाहीत. मोहल्ल्यातले अर्धे तरुण त्यांच्या शिटीवर धावलेले आहेत. ते स्वतः त्या दिवशी तिथे नव्हते. मला हेच जास्त खटकले. ज्याच्याबद्दल ठरवायचे तोच गैरहजर, आणि ज्यांनी ऐकायला नको होते ती पोरे हजर.

मुद्दा मात्र खोटा नव्हता. चार पराभव हे चार पराभव असतात. संघाने आपल्या प्रशिक्षकाच्या पाठीशी किती दिवस उभे राहायचे? हा प्रश्न मोठ्या क्लबांनाही सुटलेला नाही. पण आपल्या देशात याचे एक उदाहरण असे आहे, की ते आपल्या घरांमध्ये निदान जेवताना तरी सांगितले गेले पाहिजे.

अजय देवगणचा 'मैदान' २०२४ मध्ये आला तेव्हा बऱ्याच घरांत सय्यद अब्दुल रहीम हे नाव पहिल्यांदा ऐकले गेले. सिनेमाने सिनेमासारखी सूट घेतली आहे, ती सोडून देऊ. खरे रहीम साहेब १९०९ साली हैदराबादेत जन्मले आणि पेशाने शिक्षक होते, आपल्या सरांसारखेच. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तिथे इराणला १-० हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. तेव्हाही प्रशिक्षक रहीम साहेबच.

आणि मग १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, हवा थंड. निकाल लागला १०-१. आपला एकुलता एक गोल अहमद खान यांनी अगदी शेवटी केला. एका सामन्यात संघ घरी.

दहा गोल! आजच्या दिवसात एखाद्या प्रशिक्षकाचा संघ दहा गोल खाऊन आला, तर विमानतळावरून घरी पोहोचण्याआधीच त्याची जागा दुसऱ्याला दिलेली असते. त्या पराभवानंतर बदल झाला तो बुटांचा. फुटबॉल महासंघाने अनवाणी खेळणे बंद केले. हैदराबाद पोलीस संघाने आपल्या प्रशिक्षकाला सोडले नाही; ते अखेरपर्यंत त्या संघाचे राहिले. आणि चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकला भारतीय संघाचे प्रशिक्षक पुन्हा तेच होते. तिथे आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ हरवले. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच आडवा आला आणि आपण ४-१ हरलो. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर भारत आजवर गेलेला नाही.

या गोष्टीचा अर्थ 'धीर धरा, सगळे ठीक होते' एवढाच काढला तर तो अर्धा आहे. रहीम साहेबांना संधी मिळाली हे खरे, पण ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. हैदराबादेत ते पोरांसाठी अशा स्पर्धा भरवत, की ज्यात चेंडू पायाशी घेऊन पळायलाच बंदी. मिळाला की लगेच पास द्यायचा. फक्त कमजोर पायाने खेळायचे, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. उजव्या पायाच्या पोराला डावा पाय वापरायला लावायचा, यासाठी पैसा लागत नाही, डोके लागते. हरल्यानंतर हा माणूस काय नवीन करतो आहे, हे पाहण्यासारखे होते, म्हणून त्याला ठेवण्यात शहाणपण होते.

१९६२ची जकार्ता आशियाई स्पर्धा तर याहून अवघड. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० हरवले. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगचे डोके फुटले, टाके पडले. रहीम साहेबांनी त्याला घरी बसवले नाही. बचावातून काढून पुढे आक्रमणात खेळवले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी, आणि राजकीय वादामुळे सारे स्टेडियम भारताविरुद्ध ओरडत होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे दोन गोल, निकाल २-१, सुवर्णपदक. रहीम साहेबांना तेव्हा कर्करोग होता. ११ जून १९६३ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. पहिल्या सामन्यानंतर त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला असता, तर काय झाले असते याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

इंग्लंडचे उदाहरण पोरांना जास्त माहीत असते. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले आणि साडेतीन वर्षे एकही चषक आला नाही. १९८९ मध्ये शेजारच्या सिटीने त्यांना ५-१ हरवले. क्लबने ठेवले, १९९० मध्ये एफए कप आला आणि २०१३ पर्यंत तेरा वेळा लीग. खरे आहे. पण ठेवूनही काहीच न जमलेल्या प्रशिक्षकांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, हेही खरे आहे.

उलट गोव्याकडे पाहा. जानेवारी २०२०च्या अखेरीस एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला काढले, तेही संघ इंडियन सुपर लीगमध्ये आघाडीवर असताना. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले सामने सांभाळले, साखळीत गोवा पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मग काढणे बरोबर होते म्हणायचे? तर पुढच्याच मोसमात लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि साखळी व अंतिम विजेतेपद, दोन्ही घेऊन गेले. अंतिम सामना झाला गोव्यातल्याच फातोर्ड्याच्या मैदानावर. त्या रात्री मडगावात चहाच्या टपऱ्यांवर काय बोलले गेले असेल, ते ऐकायला मला आवडले असते.

पाठीशी उभे राहणे नुसते तोंडी असते, असेही होते. कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगला आंद्रे चेर्निशोव यांनी २०२३-२४ची आय-लीग जिंकून वरच्या लीगमध्ये नेले. पुढच्याच मोसमात पगार थकल्याचे सांगून ते मधेच निघून गेले. आपल्या सरांना तर पगारच नाही. पण चेंडू कुणी आणायचे, बाहेरगावच्या सामन्याला गाडी कुणी करायची, हेही सरांनीच पाहायचे आणि निकालही त्यांनीच द्यायचा, हा कुठला न्याय?

आपल्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. उहुदच्या लढाईत मदीनेबाहेर जाऊन लढायचे हा तरुणांचा आग्रह होता, हुजूर (स.) यांचा कल शहरात राहण्याकडे होता. मशवऱ्यात बाहेर जायचे ठरले. पुढे तिरंदाजांनी टेकडी सोडली आणि नुकसान झाले. त्यानंतर उतरलेल्या आयतींमध्ये चुकलेल्यांशी नरमाईने वागण्याचा, त्यांना माफ करण्याचा आणि त्यांच्याशी पुढेही मशवरा करत राहण्याचा हुकूम आहे. म्हणजे पराभव झाला म्हणून मशवरा बंद झाला नाही. दुसरी बाजू हजरत उमर (रजि.) यांची. त्यांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना सरसेनापतिपदावरून दूर केले, तेही विजयामागून विजय मिळत असताना. आणि हजरत खालिद (रजि.) हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिले. माणूस बदलता येतो. त्याची इज्जत त्या पदाला बांधलेली नसते, एवढे मात्र दोन्हीकडच्यांना कळावे लागते.

म्हणून मी त्या दिवशी मशिदीबाहेर एवढेच विचारले, की गेल्या वर्षीच्या संघातले किती पोरे आज आहेत? बोटांवर मोजले. गोलकीपर बारावीच्या क्लासला लागला. दोघे पुण्याला कामाला गेले. एकाच्या अम्मीने गुडघ्याच्या दुखण्यामुळे खेळ बंद केला, आणि बरोबरच केले. अकरापैकी पाच नवे. नवीन पोरांचा संघ चार सामने हरला, यात सरांचा वाटा किती आणि आपला किती? दुसरे विचारले, की पहाटे सरावाला किती पोरे येतात? मागे उभ्या असलेल्या एका पोट्ट्याने उत्तर दिले, "अठरा येतात अंकल. पाऊस असला तं बारा."

पोरांनी यायचे बंद केले असते, तर मी स्वतः परतवाड्याला फोन लावला असता. प्रशिक्षकाचा शब्द मैदानावर चालेनासा झाला, की त्याला ठेवणे हा त्याच्यावरही जुल्म आणि पोरांवरही. इथे तसे नव्हते. तरी सरांचे काहीच चुकले नाही, असे मी म्हणणार नाही. ते अजूनही संघ वीस वर्षांपूर्वीसारखाच उभा करतात, आणि कुणी सुचवले की चिडतात.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या या अमरावतीत खेळाचे शिक्षक घडतात. त्या गावात एका खेळाच्या शिक्षकाशी समोर बसून बोलायला चार मोठ्या माणसांना जड का जावे? शेवटी असर नंतर सरांच्या घरीच गेलो. आपांनी चहा केला. बोलणे तासभर चालले, थोडे कडूही झाले. ठरले ते असे, की मार्चपर्यंत सरच राहतील, परतवाड्याचा तरुण रविवारी त्यांच्यासोबत येईल, आणि पोरांसमोर यावर कुणी एक शब्द बोलणार नाही.

रविवारी मी मुद्दाम गेलो. सर वाकून फक्की मारत होते, रेषा नेहमीप्रमाणे थोडी वाकडी. नवा मुलगा दुसऱ्या टोकाला पोरांना फक्त डाव्या पायाने पास द्यायला लावत होता. सर थांबून बघत राहिले, मग डबा खाली ठेवून तिकडे गेले आणि म्हणाले, "ये रहीम साहब वाला है ना?"