शाळेंतील सोडावॉटर आणि अमेरिकेचें शेतकी खातें

मुलांनीं शाळेंत काय खावें, हा प्रश्न शेतकीच्या मासिकांत कशाला, असें वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सोडावॉटर, गोळ्या, तळलेल्या चकत्या वगैरे जिन्नस शाळांतून विकण्यास देशभर जे निर्बंध आहेत, ते तेथील शिक्षणखात्यानें अथवा आरोग्यखात्यानें घातलेले नसून शेतकी खात्यानें घातलेले आहेत. असें कां झालें, हे नियम काय आहेत व त्यांपासून आपण कोणता बोध घ्यावा, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

नियमांचा उगम.— १९४६ सालीं अमेरिकेंत राष्ट्रीय शालेय भोजनाचा कायदा झाला. त्याचे हेतु दोन होते : मुलांच्या आरोग्याचें रक्षण करणें आणि देशांत पिकणाऱ्या पौष्टिक मालाचा खप वाढविणें. यास्तव त्याची अंमलबजावणी शेतकी खात्याकडे आली. सरकार शाळांस रोख मदत व शेतमाल देतें आणि शाळा ठरलेल्या प्रमाणाचें जेवण मुलांस देतात. परंतु त्याच भोजनगृहांत सोडा आणि गोळ्याही विकल्या जाऊं लागल्या. मुलाच्या खिशांतील पैसे सोड्यावर खर्च झाले कीं जेवणाचें ताट व दुधाचा पेला मागें राहतो ; म्हणजे मुलाचेंही नुकसान आणि शेतकऱ्याचेंही. अशा जिन्नसांस तेथें ‘स्पर्धक पदार्थ’ असेंच नांव पडलें आहे.

त्यांस आवर घालण्याचा खात्याचा अधिकार १९७२ सालीं काढून घेण्यांत आला व १९७७ सालीं परत देण्यांत आला. त्यानुसार १९८० सालीं खात्यानें सोडा, बर्फाचे गोळे, चघळण्याचा डिंक व कांहीं जातींच्या गोळ्या हे चार वर्ग निःसत्त्व ठरवून, दिवसाचें शेवटचें भोजन होईपर्यंत शाळेंत कोठेंही त्यांची विक्री होऊं नये असा नियम केला. सोडा तयार करणारांच्या संघानें यावर न्यायालयांत दाद मागितली. १९८३ सालीं निकाल लागला कीं, खात्याचा अधिकार भोजनाच्या जागेपुरता व भोजनाच्या वेळेपुरताच आहे. परिणाम असा झाला कीं, भोजनगृहाच्या आंत सोड्यास बंदी, पण दाराबाहेरच्या ओटीवर सोडा विकणारें यंत्र खुशाल उभें ! पुढें १९९० नंतरच्या दशकांत तर कंपन्यांनीं शाळांशीं करार करून, केवळ आपलींच पेयें विकण्याच्या बोलीवर त्यांस पैसा पुरविला. शाळांस निधीची गरज होती. त्या गरजेपोटीं मुलांची भूक गहाण पडली.

हल्लींचे नियम.— दरम्यान कॅलिफोर्नियासारख्या कांहीं प्रांतांनीं स्वतःचे कायदे केले. अखेर १३ डिसेंबर १९१० नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १३ डिसेंबर २०१० रोजीं झालेल्या कायद्यानें शाळेच्या संपूर्ण आवारावर व शाळेच्या संपूर्ण दिवसावर खात्यास अधिकार मिळाला. नियम जून २०१३ मध्यें प्रसिद्ध झाले व १ जुलै २०१४ पासून अमलांत आले. शाळेचा दिवस म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यानंतर अर्ध्या तासापर्यंतचा काळ, अशी त्यांत व्याख्या आहे.

विकावयाच्या खाद्यास पहिली कसोटी घटकांची आहे. तें बव्हंशीं अखंड धान्याचें असावें. अथवा त्यांतील वजनानें पहिला घटक फळ, भाजी, दूधदुभतें किंवा कडधान्य, अंडें, मांस यांसारखा पौष्टिक असावा. अथवा मिश्र पदार्थ असल्यास त्यांत पाव कप तरी फळ वा भाजी असावी. दुसरी कसोटी मापांची. फराळाच्या जिन्नसांत २०० हून अधिक उष्मांक नसावेत. साखर वजनाच्या शेंकडा ३५ हून अधिक नसावी. स्निग्धांशापासून मिळणारे उष्मांक शेंकडा ३५ च्या वर जाऊं नयेत. सोडियम आरंभीं २३० व जुलै २०१६ पासून २०० मिलिग्रॅमपर्यंतच असावें. ताज्या फळांस मात्र या मापांतून सूट आहे, आणि नुसत्या शेंगदाण्यांस वा बदामांस स्निग्धांशाच्या मर्यादेंतून सूट आहे.

पेयांविषयीं नियम याहून कडक आहेत. लहान मुलांच्या शाळांत साधें पाणी, दूध व निव्वळ फळांचा रस एवढेंच विकतां येतें. वरच्या वर्गांच्या शाळांत इतर पेयांस परवानगी आहे. परंतु ३५५ मिलिलिटरच्या डब्यांत ६० हून अधिक उष्मांक असतां कामा नयेत. नेहमीच्या गोड कोला पेयाच्या तेवढ्याच डब्यांत सुमारें ३९ ग्रॅम साखर व १४० उष्मांक असतात. अर्थात् तें बाद होतें.

नियमांतील उणिवा.— साखरेऐवजीं दुसरें गोड द्रव्य घातलेला सोडा वरच्या शाळांत चालतो, कारण नियम उष्मांक मोजतो. घरून आणलेल्या खाद्यास नियम लागू नाहीं. फाटकाबाहेरच्या दुकानावर या नियमाची सत्ता चालत नाहीं. शिवाय जी शाळा सरकारी भोजनाची मदत घेते तिलाच तो बांधतो. मदतीचा पैसा हाच त्याचा लगाम आहे.

शेतकऱ्यांची भूमिका.— येथें शेतकरीवर्गानें आपल्याही मनाची झडती घेतली पाहिजे. अमेरिकन सोड्यांत बहुधा मक्यापासून केलेला पाक असतो, म्हणजे तोही कोणा शेतकऱ्याचाच माल. २०११ सालीं खात्यानें शालेय जेवणांत बटाट्यासारख्या पिष्टमय भाज्या आठवड्यास एका कपापर्यंत आणण्याची सूचना केली, तेव्हां बटाटा पिकविणाऱ्या प्रांतांच्या प्रतिनिधींनीं विरोध केला व नोव्हेंबरांत काँग्रेसनें ती सूचना अडविली. मुलांच्या पोषणापेक्षां आपल्या पिकाचा खप मोठा मानण्याचा मोह सोडा विकणारांसच होतो असें नाहीं. आपल्याकडील ऊस पिकविणारांनीं हें ध्यानांत धरावें.

आपल्याकडील स्थिति.— महाराष्ट्र सरकारनें ८ मे २०१७ रोजीं निर्णय काढून शालेय उपाहारगृहांत बटाट्याच्या चकत्या, फसफसणारीं पेयें वगैरे विकण्यास मनाई केली व खिचडी, इडली, नारळाचें पाणी यांसारखे पदार्थ सुचविले. त्यानंतर अखिल भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. मेद, साखर व मीठ अधिक असलेले जिन्नस शाळेच्या आवारांत व त्याबाहेर ५० मीटरांच्या आंत मुलांस विकूं नयेत आणि त्यांची जाहिरातही तेथें करूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. जेथें अमेरिकेचा नियम फाटकाशीं थांबतो, तेथें आपला नियम चार पावलें पुढें जातो. मात्र तीं पावलें मोजणारा कोणी पाहिजे.

तो कोण ? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें, विनाअनुदानित शाळा वगळून, प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिति असते व तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. गांवांतील पालक म्हणजे बहुधा आपणच. या समितीच्या बैठकीस जाऊन, फाटकाजवळच्या टपरींत काय टांगलेलें आहे हें एकदां विचारावें. दुकानदारही गांवचाच, त्यास बंद करण्यापेक्षां दुसरा माल पुरवावा हें बरें. अमेरिकन कसोटी लावून पाहिली तर समभाग गूळ घातलेली आपली चिक्की साखरेच्या मर्यादेबाहेर जाते, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी, केळें, पेरू, उकडलेलें अंडें व ताजें ताक यांस पोषणाच्या दृष्टीनें कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. हा सर्व माल आपल्याच शेतावरचा व गोठ्यांतला आहे.

आपण दूध डेअरीस घालावें आणि त्याच पैशांतून मुलानें शाळेच्या दारांत सोडा प्यावा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबानें नफ्याचा ठरत नाहीं. कायदा झाला आहे. तो आपल्या गांवच्या शाळेपर्यंत नेणें आपल्याच हातीं आहे.