शिकून घेतलेले धैर्य

विद्यार्थ्यांची चळवळ म्हटली की आपल्यासमोर मोर्चा, घोषणा आणि फुटलेल्या काचा येतात. "पोरं भडकली," असे म्हणून मोठी माणसे विषय संपवितात. पण १९६० साली अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात विद्यार्थ्यांनी जे केले, ते भडकण्याच्या अगदी उलट होते.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागातील दुकानांत कृष्णवर्णीयांचे पैसे चालत. पण तेथेच जेवणाच्या काउंटरवर बसून खायला त्यांना बंदी होती. हे वाचताना मला परके वाटले नाही. माझ्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलात कपबशी वेगळी असे, आणि ती त्यांनीच विसळून ठेवायची असे. महाविद्यालयात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच.

या लढ्याचा एक धागा आपल्या नागपुरात आहे. जेम्स लॉसन या कृष्णवर्णीय तरुणाने सक्तीची सैन्यभरती नाकारून तुरुंगवास भोगला होता. १९५३ मध्ये तो मिशनच्या कामासाठी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. येथे त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिलमध्ये त्याने विद्यार्थ्यांसाठी अहिंसेचे वर्ग सुरू केले.

हे वर्ग कसे चालत? काही विद्यार्थी काउंटरवरचे सत्याग्रही होऊन बसत, काही गुंड होत. गुंड शिव्या देत, धक्के मारीत, खुर्चीवरून ओढीत. बसलेल्याने हात उगारायचा नाही. खाली पडल्यावर डोके कसे वाचवायचे, मित्राला मार बसत असेल तर मध्ये आपले अंग कसे घालायचे, हेसुद्धा शिकविले जाई.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभराहून अधिक विद्यार्थी नीटनेटक्या कपड्यांत दुकानांत गेले आणि काउंटरवर बसले. कोणी वाढले नाही. तरी ते बसून राहिले. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला. पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्यांनाच, सुमारे ऐंशी जणांना. एक तुकडी नेली की तिच्या जागी दुसरी येऊन बसे. अनेकांनी दंड न भरता तुरुंग पत्करला. लॉसनला त्याच्या विद्यापीठाने काढून टाकले. कृष्णवर्णीय कुटुंबांनी दुकानांवर बहिष्कार घातला.

१९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाचे घर बॉम्बने उद्ध्वस्त झाले. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे नगरभवनावर चालत गेले. डायेन नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सरळ विचारले, केवळ रंगावरून भेद करणे अयोग्य आहे, हे तुम्हाला मान्य आहे का? महापौरांना "होय" म्हणावे लागले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले.

आमच्या घरी सांगतात, "पुस्तकात डोकं घाल, भानगडीत पडू नको." त्यांची भीती खोटी नाही. आमच्यासारखीचे एक वर्ष बुडाले, तर शिक्षणच बुडते. म्हणूनच नॅशव्हिलचा धडा मला मोलाचा वाटतो. अन्यायाचा राग आपल्या प्रत्येकाजवळ आहे. त्याला वळण लावायला वर्ग लागतो, शिकविणारा लागतो, सराव लागतो. मित्रमैत्रिणींनो, व्याकरण जसे घोकून येते, तसे धैर्यही शिकून येते. तो अभ्यासही महाविद्यालयातच व्हायला हवा.